बसवायचं म्हणजे नक्की काय

ऑफिस सुटल्यावर मी इथे आखातात मुलांना पियानो शिकवते. मंगळवारची मुलगी मोहम्मद बिन झायद सिटीत राहते, एका व्हिलाचे भाग करून फ्लॅट केलेत, त्यातल्या मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये. नऊ वर्षांची आहे. पियानो हॉलमध्ये, शू रॅक आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या मध्ये. कधीकधी ओला टॉवेल बाजूला सरकवून आम्ही सुरुवात करतो.

दुसरा पीस अजून बसला नाही, असं मी तिच्या आईला मेसेजवर कळवलं होतं. उत्तर आलं, 'मग या वेळी बसवायचं ना?' मी दुसऱ्या मुलाच्या बिल्डिंगखाली पार्किंग शोधत होते. 'हो, नक्की,' असं लिहून टाकलं.

आमच्या घरी गाणी बसवतात. माझी आई मंडळाच्या गणपतीत कोरसमध्ये गाते, त्यामुळे श्रावणात स्वयंपाकघरात सतत काहीतरी बसत असतं. पियानोच्या ग्रेड परीक्षेला मात्र मी कधी कुणाला बसवलेलं नव्हतं. माझ्या शाळेत आम्ही एग्झाम 'द्यायचो'.

पुढच्या मंगळवारी तिच्या बाबांनी दार उघडलं. "या मिस, या! आता व्हिलात सगळ्यांना ग्रेड मिळणार. राहिला फक्त आमचा एसी."

मी हसले, कारण ते हसत होते. मुलगी स्टुलावर बसली होती. मागे न वळता म्हणाली, "मिस, मम्मा सेज आय हॅव अॅन एग्झाम."

या मुलीला नोटेशन वाचता येत नाही. मी एकदा वाजवून दाखवलं की तिला ते जवळजवळ तसंच्या तसं वाजवता येतं. मग ती पुस्तकाकडे बघत वाजवते, पानही उलटते, फक्त चुकीच्या जागी. परीक्षेत न पाहिलेलं पान समोर ठेवतात आणि लगेच वाजवायला सांगतात. मी ते एकदा करून पाहिलं होतं. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि क्लास संपेपर्यंत परत पियानोवर ठेवले नाहीत.

क्लास झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिची आई क्लिनिकमधून नुकतीच आली होती. गळ्यात आयडी कार्ड तसंच, आणि भेंडी चिरत होती.

"ताई, ती परीक्षेसाठी तयार नाहीये अजून."

"अगं, तूच म्हणालीस ना, नक्की म्हणून?"

"मी पीसबद्दल म्हणत होते. पीस बसवायचा."

"पीस? मी मुलीला बसवायचं म्हणत होते! व्हिलाभर सांगून झालं माझं." तिला हसू आलं, पण लगेच गेलं. "वरच्या मजल्यावरचा तो मुलगा, हिच्याच वर्गातला, त्याची सेकंड ग्रेड झाली. आमची अजून नुसतीच वाजवतेय."

नुसतीच.

"हे बघ, स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "पुढच्या टर्मपासून मॅथ्सचा क्लास लावायचाय. तो पण मंगळवारीच मिळतोय. परीक्षा असेल तर पियानो ठेवू. नाहीतर खलास."

अशा वेळी मी 'बघू' म्हणते आणि घरी जाताना गाडीत खरं उत्तर तयार करते. त्या दिवशी मऊ वाक्य शोधण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

"आता बसवलंत तर कदाचित पास होईल. पण नंतर पियानोला हात लावणार नाही."

"तुला काय माहीत?"

"माझी पाचवी ग्रेड झालीये. घरच्या पियानोवर आता इस्त्रीचे कपडे असतात. मी शिकवते, ताई. वाजवत नाही."

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि तिलाही ते ऐकायचं नव्हतं बहुतेक. तिने आणखी दोन भेंड्या चिरल्या.

"पण मग तिला काय येतं ते मला कळणार कसं?" ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. सर्टिफिकेट असलं की निदान वाचता तरी येतं."

"तुम्ही क्लासच्या वेळी हॉलमध्ये थांबा ना. नुसतं ऐका."

पुढच्या मंगळवारी ती खरंच सोफ्यावर येऊन बसली. मुलीने पाठ ताठ केली आणि दुसरा पीस सुरू केला. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नाही. नंतर तिने मागे वळून पाहिलं.

"मिस, शी इज स्लीपिंग. शुड आय स्टॉप?"

आईची मान एका बाजूला कलली होती, चपला पायातच.

"नको. वाजव तू."

ती जरा हळू वाजवायला लागली. मी काही दुरुस्त केलं नाही. तासाच्या शेवटी पुस्तक बंद केल्याच्या आवाजाने आई जागी झाली.

"झालं? छान वाजवलंस हं."

"यू वर स्लीपिंग, मम्मा!"

"छान होतं म्हणूनच झोप लागली ना."

मुलीने डोळे फिरवले, पण स्टुलावरून उठली नाही.

परीक्षेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या आठवड्यात निघाला, मी दारात सँडल घालत असताना. मी पुन्हा नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही ते सोपं गेलं नाही. आई दाराला टेकून उभी होती, माझ्याइतकीच थकलेली.

"बरं," ती म्हणाली. "मॅथ्सवाल्यांना शनिवारचं विचारते."