एक्स-रेची खंजिरी

खाप्याच्या देवळात सासूबाईंची खंजिरी ऐन भजनात मुकी झाली, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच टाळ घेऊन बसले होते. श्रावण होता, कन्हान दुथडी भरून वाहत होती आणि देवळाच्या फरशीलाही पाणी सुटलं होतं. पहिली दोन भजनं कातडं कसंबसं बोललं. तिसऱ्याला ते ओल्या पापडासारखं सैल पडलं. सासूबाई मारताहेत आणि आवाज नुसता थप् थप्. समोर तिथलंच एक महिला मंडळ बसलं होतं. त्यांची ढोलकीवाली, चांगली उंचपुरी बाई, तोंडाला पदर लावून म्हणाली, "मावशी, भाकरी थापून राहिल्या का?"

सगळं देऊळ हसलं. सासूबाईही हसल्या. पण परतीच्या बसमध्ये नागपूर येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि आमच्या सासूबाई गप्प बसणं म्हणजे इतवारीचा बाजार गप्प बसण्यासारखंच होतं.

आम्ही तेव्हा नागपुरात इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. सत्तर-बाहत्तर सालचा सुमार. मी एका दवाखान्यात एक्स-रे विभागात नोकरीला होते. दिवसभर अंधारखोलीत फिल्मा धुवायच्या, वाळत घालायच्या, हे माझं काम. सून नोकरी करते याचं सासूबाईंना कौतुक होतं, पण काम नेमकं काय ते त्यांना पटत नसे. शेजारणींना सांगायच्या, "सून आमची हाडांचे फोटो धुते."

पुढच्या पावसाळ्यात कळमेश्वरहून भजनाचं बोलावणं आलं. निरोप घेऊन आलेल्या माणसानं सहज सांगितलं, की खाप्याचं मंडळही येणार आहे. सासूबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मी नाही येत," माणूस गेल्यावर त्या म्हणाल्या. "पावसापान्यात कातडं दगा देते. पुन्हा हसं करून घेऊ का त्या बाईपाशी?"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की फिल्म दिवसभर पाण्यात असते आणि तिला काहीही होत नाही. मग तीच खंजिरीवर ताणली तर?

डॉक्टरांना विचारलं. रुग्ण हलल्यामुळे पुसट आलेल्या आणि ओल लागून वाया गेलेल्या फिल्मांचा गठ्ठा कोपऱ्यात पडून होता. डॉक्टर म्हणाले, "न्या की. पण करणार काय?" मी म्हटलं, "खंजिरी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

पहिली फिल्म मी उत्साहाच्या भरात तशीच गोल कापून जुन्या चौकटीवर चिकटवली. चांभाराकडचं सोल्यूशन लावलं, वर बारीक चुका ठोकल्या. सासूबाईंनी खंजिरी उजेडाकडे धरली आणि एकदम खाली ठेवली. त्यात कोणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या.

"कोनाच्या छातीवर थापा मारू वं मी? जिता आहे का तो?"

"आत्याबाई, जिवंत आहे, खोकला होता नुसता."

"मंग त्याचा खोकला वाढन."

तेव्हापासून फिल्म आधी धुवायची ठरली. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घातला की वरचा काळा थर सुटतो. नारळाच्या काथ्यानं घासलं की खाली निळसर, काचेसारखी स्वच्छ फिल्म निघते. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. कोणाचं काही राहिलं नाही ना, म्हणून प्रत्येक फिल्म त्या उन्हात धरून बघायच्या.

पण वाजायला ती काही वाजेना. दुसरी खंजिरी पत्र्याच्या डब्यासारखी बोलली. तिसरीला चुकांपाशी भेगा गेल्या आणि वाजवता वाजवता ती टर्रकन फाटली. चौथीला कडेनं सुरकुत्या पडल्या. कातडं ओलं केलं की वळतं, चौकटीला धरून बसतं. फिल्म ताठ्यातच राहते. आमचे हे कामावरून आले की विचारायचे, "आज किती फाटल्या?" त्यांच्यासाठी ती रोजची करमणूकच झाली होती.

उत्तर माझ्या शिवणाच्या पेटीत होतं. एका रविवारी मी उशीच्या अभ्र्यावर फुलं काढायला बसले. कापड लाकडी रिंगमध्ये घातलं, वरची रिंग बसवली, स्क्रू पिळला. कापड ताणलं गेलं आणि सवयीनं मी त्यावर टिचकी मारली. टप्! मी तशीच उठले.

"आत्याबाई, चुका नकोच मारायला. चौकटीवर फिल्म ठेवायची आणि बाहेरून लोखंडी कडं आवळायचं."

सासूबाईंनी रिंग हातात घेऊन दोनदा सोडली, दोनदा आवळली. "हे त सोपं आहे," म्हणाल्या. "इतके दिवस काहून नाही सुचलं तुले?"

कडं करून घ्यायला आम्ही दोघी त्यांच्या नेहमीच्या वाद्यवाल्या चाचांकडे गेलो. चाचा इतवारीतच बोळाच्या तोंडाशी बसायचे. ढोलकी, तबला, खंजिरी, सगळ्यांना कातडं चढवायचे, आणि सासूबाईंची खंजिरी दरवर्षी त्यांच्याकडेच जायची. मला मनातून संकोच वाटत होता. ज्यांचं पोट कातड्यावर, त्यांनाच कातड्याशिवायचं वाद्य दाखवायचं. चाचांनी फिल्म बोटांत धरून वाकवली, नखानं वाजवली, कानाशी नेली.

"ये तो बारिश का चमड़ा है," ते म्हणाले आणि हसले. "लाओ, देखते हैं."

त्यांनी शेजारच्या भांडेवाल्याकडून लोखंडी पट्टीचं कडं वळवून आणलं, त्याला स्क्रू बसवला. फिल्मच्या कडेला पाकळ्यांसारखे काप दिले आणि ती कढत पाण्यात बुडवून काढली, तेव्हा ती निमूट वळली. मग कडं आवळलं. वरून कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली, तशी उरलीसुरली ढिलाईही गेली. चाचांनी थाप मारली. आवाज खणखणीत होता, पण फारच उघडा. सासूबाईंनी नाक मुरडलं.

"घुमत नाही. नुसती ओरडते."

चाचांनी फिल्मच्या मधोमध अंगठा दाबून पुन्हा एक थाप मारली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बंद्या रुपयाएवढा तुकडा गोल कापला आणि आतल्या बाजूनं मधोमध चिकटवला. वाळल्यावर खंजिरी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी एक थाप मारली, मग बोटांनी तीन-चार बोल काढले आणि तिथंच, बोळाच्या तोंडाशी, हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत एक अख्खं कडवं म्हटलं. पोती घेऊन चाललेला हमाल ऐकायला थांबला, त्याच्या मागच्या गाड्या अडल्या आणि मागून शिव्या सुरू झाल्या. सासूबाईंनी कडवं संपवूनच वाट दिली.

कळमेश्वरला त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. मांडवाचं कापड गळत होतं. पहिल्याच मंडळाचा मृदंग बसला, मग एकेकाचं वाद्य बसत गेलं. बाया शेगडीभोवती ढोलक्या शेकत होत्या. सासूबाईंची खंजिरी मात्र शेवटच्या भजनापर्यंत कडक. लोक मान उंचावून बघत होते. फिल्ममधून सासूबाईंची बोटं दिसत होती, त्याचंही अप्रूप.

आमच्यानंतर खाप्याच्या मंडळाची पाळी. ती उंचपुरी बाई ढोलकी घेऊन बसली, दोन थापा मारल्या आणि तिचा चेहरा उतरला. आता सासूबाई काय बोलतील, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. वर्षभराचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असणार, याची मला खात्री होती.

त्या उठल्या, मांडव ओलांडून गेल्या आणि खंजिरी तिच्या मांडीवर ठेवली.

"घे वं. भिजली तरी चालते हे."

बाईनं वर बघितलं. "मावशी, मागच्या साली मी..."

"वाजव अगोदर. लोक बसले आहेत."

तिनं वाजवली, आणि काय वाजवली! ढोलकीचा हात होता तिचा, खंजिरीतून तिनं असे बोल काढले, जे सासूबाईंनाही येत नव्हते. सासूबाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि टाळ्यांचा ताल धरला. परतीच्या बसमध्ये त्या इतक्या बोलल्या, की कंडक्टरनं हात जोडले.

पुढची चार-पाच वर्षं पावसाळा जवळ आला की आमच्या दोन खोल्यांत रविवारी बायांचा मेळा भरायचा. खाप्याची ती बाईही यायची, येताना शेतातल्या भेंड्या, वांगी आणायची. कोणी फिल्म घासायची, कोणी काप द्यायची, कडी चाचांकडून यायची. ते म्हणायचे, आता बारिश में भी दुकान चलती है. हिवाळ्यात मात्र सासूबाई कातड्याचीच खंजिरी काढायच्या. "त्याच्यात जीव आहे," म्हणायच्या, "याच्यात नुसती ताकद."

नंतर बाजारात कातड्याच्या जागी चढवायची तयार प्लॅस्टिकची पानं आली, पांढरीशुभ्र, नट-बोल्टसकट. चाचांनी पहिलं पान आम्हाला दाखवायला घरी आणलं. सासूबाईंनी ते खंजिरीवर चढवून वाजवून बघितलं, मान डोलावली.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आता रविवारी मले दुपारची झोप भेटन."

पण पुढच्या रविवारी त्या जेवण झाल्यावर आडव्या झाल्याच नाहीत. बाया तरीही आल्या होत्या, आणि वाजवायला आता हात मोकळे होते.