गायी शेजारणीवर सोपवून तळ्याकाठी एक मुक्काम

या मार्चपर्यंत आम्हा चौघांचा एकत्र असा एकच फोटो होता आणि तो गोठ्यातला. मी, माझे यजमान (यांना मी मालक म्हणते, आणि ते मनावर घेतात), सतरा वर्षांची ऋतुजा, चौदा वर्षांचा ओंकार, आणि ओंकारच्या तोंडावर आलेलं आमच्या चंद्री गाईचं शेपूट. बाकी सगळे फोटो तिघातिघांचे. भाचीच्या लग्नात मी नाही, कोकणातल्या फोटोत मालक नाहीत. पाच गायींची धार पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला काढावीच लागते. चुकली तर कास दगडासारखी होते, गाईला ताप भरतो. त्यामुळे आमच्या घरातून बाहेर पडायचं म्हणजे एकाने मागे राहायचं, हे ठरूनच गेलेलं.

बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली त्या दिवशी ऋतुजा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, जूनमध्ये मी पुण्याला होस्टेलला जाणार. त्याआधी आपण चौघं एकदा कुठंतरी एकत्र झोपू या. एकच रात्र. न्हाईतर माझ्या अख्ख्या लहानपणात तसं एकदाही झालं न्हाई, असं होईल."

मी नेहमीचं उत्तर दिलं. "आन् गायी?"

"मला तुझ्या गायींचा राग येतो," एवढं बोलून ती उठून गेली. मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

तोडगा ओंकारने काढला. आमच्याकडे शेतात पैरा चालतो. आज तुम्ही माझ्या कांदाकाढणीला, उद्या मी तुमच्या; दिवसाला दिवस, रोख काही नाही. ओंकार जेवताना म्हणाला, "कांद्याचा पैरा होतो, तर धारांचा का न्हाई?"  अठरा वर्षांत हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या संगीताकडे चार गायी आहेत. तिचा नवरा सणसवाडीला कंपनीत, त्यामुळे तीही तशीच बांधलेली. मी भीतभीत विचारलं, तर ती म्हणाली, "जावा की ताई! दोन टायमाचं तर हाय. माझा पैरा कवा फेडायचा ते मी मागनं सांगते."

चार गायी मशीन लावून देतात. चंद्रीला मशीन चालत नाही, ती हातानेच पिळावी लागते आणि तीही फक्त माझ्याच हाताने; मी कोकणात गेले होते तेव्हा ती अजून आमच्याकडे नव्हती. संगीताला मी वैरण दाखवली, पेंड दाखवली, डॉक्टरांचा नंबर दिला. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. का नाही, ते पुढे येईलच.

मार्चचा शेवट. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून साडेसातला निघालो. गाडी म्हणजे आमची जुनी व्हॅन. एरवी तिच्यात दुधाचे कॅन आणि पेंडीची पोती असतात, त्यामुळे वास असा की न्हावऱ्याच्या चौकात दोन कुत्री आमच्या मागे लागली. तिथे मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून काही उपयोग नाही.

पहिला टप्पा चिंचणीचं धरण, घोड नदीवरचं. रस्ता बरा आहे, शेवटी थोडे खड्डे. पाणी बरंच खाली गेलं होतं, पण जे होतं ते निळंशार. धरणाच्या खोल पाण्यात अजिबात उतरू नका. गाळ असतो आणि काठ एकदम तुटतो. आम्ही नदीच्या पात्रात, गुडघाभर पाणी आहे तिथे उतरलो. मालकांनी पँट दुमडली आणि पाण्यात उभे राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "इथं गायी धुवायला किती बरं पडंल!" पोरं इतकी हसली की ओंकार पाण्यातच बसला.

पुढचा मुक्काम वरवंड, म्हणून उलटं फिरून पुन्हा न्हावऱ्यावरून यावं लागतं. आमच्या वस्तीचा फाटा जवळ आला तशी मालकांनी गाडी हळू केली. "दोन मिनिटं डोकावून येऊ का?" पोरं मागून एकदम ओरडली, "न्हाई!" गाडी पुढे गेली. मालकांवर हसायला मीही पुढे होते, पण माझीही मान फाट्याकडे वळली होती, हे आता कबूल करते.

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. मी शाळेत असताना या नदीवर निबंध लिहिला होता. आता पुलाखाली जलपर्णी पसरली आहे आणि शहराकडून येणाऱ्या पाण्याचा वास खिडकी लावली तरी येतो. ऋतुजा बराच वेळ खाली बघत होती. "मी हेच शिकणार हाय," ती म्हणाली, "पाणी कसं साफ करायचं ते." फॉर्मवर 'पर्यावरण' असं लिहिलेलं मी वाचलं होतं, सहीसुद्धा केली होती. पण त्याचा अर्थ असा आहे हे मला पुलावर कळलं.

केडगाव, चौफुला आणि मग सोलापूर हायवे. वरवंडला वळलो तेव्हा ऊन उतरत होतं. इथला तलाव जुना आहे, विस्तीर्ण आहे आणि गर्दी नाही. तंबू लावणार असाल तर दोन गोष्टी: उसाच्या फडाजवळ लावू नका, आपल्या भागात बिबट्या ही अफवा नसते. आणि काठावरच्या एखाद्या घराला विचारून, त्यांच्या अंगणाच्या आसपासच लावा. आम्हाला झेंडूची शेती करणारे एक आप्पा भेटले. ओंकारने मित्राच्या भावाकडून आणलेले दोन तंबू बघून त्यांनी विचारलं, "घरदार न्हाई व्हय तुम्हाला?"

"हाय की आप्पा, शिरूर तालुक्यात. सहज आलोय राहायला."

"सहज," आप्पांनी शब्द चावून बघितला. "जनावरं हायेत का घरी?"

"पाच गायी."

"मग कोण बघतंय?" शेतकऱ्याचा पहिला प्रश्न. पैऱ्याचं ऐकून त्यांना पटलं आणि त्यांनी झेंडूच्या वाफ्याशेजारची मोकळी, सपाट जागा दाखवली. पाणी विहिरीवरून घ्या म्हणाले. पैसे द्यायला गेलो तर रागावले.

पाच वाजले. काय सांगू, चौघांनाही एकदम कळलं. मालक उगाच घड्याळाला चावी दिल्यासारखं करायला लागले. ते सेलवर चालतं. ओंकार म्हणाला, "आत्ता मशीन सुरू झालं असंल." माझे हात रिकामे होते आणि मला त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. मी तीनदा चुलीचे दगड हलवले.

पावणेसहाला फोन वाजला. संगीता.

"ताई, चार झाल्या. ही चंद्री काय सोडंना बघा. दोनदा लाथ मारली आन् बादली बी उलटवली. कासंला हात लावू दिना. काय करू?"

मालक लगेच उठले. "चला, आवरा. सव्वा तासात पोचू." ऋतुजाने हातातली तंबूची खुंटी खाली टाकली. तिने तंबूकडे पाठ केली. ते मला बघवेना.

आता ती न सांगितलेली गोष्ट. चंद्री पान्हा सोडते ते मी तिच्याशी बोलायला लागले की. बोलते म्हणजे गोड काही नाही. दिवसभराची गाऱ्हाणी. सासूबाई होत्या तेव्हा त्यांची, आता मालकांची, पोरांची, डेअरीवाल्याने दुधाला कमी लावलेल्या फॅटची. आठ वर्षं रोज दोनदा. हे संगीताला सांगायचं म्हणजे मी गाईपाशी काय बोलते तेही सांगावं लागलं असतं, म्हणून लाज वाटली. आणि दुसरं कारण याहून वाईट आहे. माझ्यावाचून घरात काहीतरी अडावं, असं मला कुठेतरी वाटत होतं. ते अडलं होतं, आणि माझी पोरगी खुंटी टाकून उभी होती.

"संगीता," मी म्हणाले, "फोन स्पीकरवर टाक. आन् गव्हाणीवर ठेव, तिच्या कानापाशी."

"काय?"

"ठेव गं. आन् तू बस खाली."

मग मी तळ्याकाठी उभी राहून, नवरा, दोन पोरं आणि एक अनोळखी आप्पा यांच्यासमोर, गाईशी बोलायला लागले. "काय गं चंद्रे, लाथा झाडती व्हय? संगीताच्या हाताला काय काटे हायेत का? मी हिकडं तळ्यावर आलेय. तुझे मालक पाण्यात उतरले तरी गायी धुवायचंच बोलत्यात. सकाळपासनं धा येळा घड्याळ बघितलं, आन् म्हणं मी कुठं काळजी करतोय."

मालकांनी आप्पांकडे बघून घसा खाकरला.

"सोडतीया ताई!" पलीकडून संगीता. "बोलत ऱ्हावा, थांबू नका!"

थांबू नका म्हटल्यावर पुढचं आलं. रोज येतं तेच आलं. "आन् ऋतू जूनमधी जाणार हाय गं. सगळ्यांना सांगते, जाऊ द्या, शिकू द्या. सही केली मी. पण रात्री ताटं घेताना हात चारवर जाणार. तीन कशी घ्यायची, मला सांग. तिला न्हाई सांगत मी हे, तिचा पाय अडकंल म्हणून. तुझा राग येतो म्हणली ती. तुझा न्हाई, माझाच आला असंल. मी तरी तिला कुठं नेलं?"

फोनमधून धारेचा आवाज येत होता, बादलीत, एकसारखा. मला रडू यायला लागलं आणि बोलणं तुटलं. तेव्हा ऋतुजाने माझ्या हातातून फोन घेतला.

"चंद्रे, मी ऋतू," ती म्हणाली.  "आईला सांग, मी दर पंधरा दिवसांनी येणार हाय. ताट चौथं काढूनच ठेवायचं. आन् तुझा राग येतो म्हणले ते चुकलं, पर लाथ मारलीस तर परत येईल."

"झाली की!" संगीता ओरडली. "सगळी दिली!"

आप्पा इतका वेळ झेंडूत उभे होते. जाताना म्हणाले, "माझी एक म्हस व्हती, भजन लावल्याबिगर पान्हवत न्हवती. जनावराला माणसाचा आवाज लागतो." मग घरून वांगी आणि दह्याचं मडकं पाठवून दिलं. चुलीवर वांगी भाजली, पिठलं केलं, घरून आणलेल्या भाकरी. तळ्यावरून गार वारा येत होता. मालक एरवी जेवताना बोलत नाहीत, त्या संध्याकाळी लहानपणी घोडमध्ये पोहायला कसे शिकले ते त्यांनी सांगितलं. मीही ते पहिल्यांदा ऐकलं. चौघं एकाच तंबूत शिरलो. दुसरा उगाच आणला होता.

पहाटे साडेचारला मला जाग आली, सवयीने. पाच वाजले, पावणेसहा झाले. फोन वाजला नाही. सव्वासहाला मीच केला.

"दिली की," संगीता म्हणाली. "तुम्हाला कशाला उठवायचं म्हणून मीच बोलले तिच्याशी. माझ्या सासूचं सगळं सांगितलं. गुमान ऐकत्या बघा!"

मला बरं वाटलं आणि थोडं टोचलंही. माझी गाय दुसरीचं ऐकत होती. तंबूबाहेर आले तर तळ्यावर सूर्य येत होता. मी तो रोज गोठ्याच्या पत्र्याआडून बघते, अख्खा पहिल्यांदाच बघितला. मग टोचणं गेलं. माझ्यावाचून चालतं, तर मग मला कुठेही जाता येईल, हा विचार त्या उजेडात एकदम सोपा वाटला. ओंकारने आप्पांना फोन धरायला लावून चौघांचा फोटो काढून घेतला. आप्पांचं बोट कोपऱ्यात आलंय.

परतताना पाटसवरून दौंडला गेलो. नदीवरच्या पुलाजवळ थांबून ओंकारने तीन रेल्वेगाड्या मोजल्या, स्टेशनजवळच्या खानावळीत माशाचं ताट खाल्लं. रस्सा झणझणीत, भाकरी मागाल तेवढी. तिथून काष्टीमार्गे आलं की भीमा आणि घोड दोन्ही पुन्हा ओलांडता येतात आणि इनामगाववरून न्हावरे गाठता येतं. हातात एखादा दिवस जास्त असेल तर उजनीच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जरूर जा. आम्हाला पाचच्या आत घरी पोचायचं होतं. पेट्रोल आणि खाणं धरून दोन हजारांच्या आत सगळं झालं. साडेचारला गोठ्यात शिरले, तर चंद्रीने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं.

आठवड्याने संगीता आली. "ताई, माझा पैरा मागायला आलेय. पण तुमचा दोन टायमाचा व्हता, माझा सा टायमाचा हाय." ती आणि तिचा नवरा आजवर नागपूरला दीक्षाभूमीवर एकत्र गेलेलेच नाहीत. एका वर्षी तो गेला, एका वर्षी ती. दौंडवरून गाडी आहे, त्याची सुट्टी मंजूर झाली होती. मी म्हणाले, सहाच्या जागी आठ टायम लागले तरी जा.

ते कालच निघाले. काल संध्याकाळी पाचला मी तिच्या गोठ्यात होते आणि आमच्या गोठ्यात ऋतुजा. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून बादली घेऊन गेली. संगीताच्या गायी आटपून मी घाईने परत आले, म्हटलं पोरीला जमतंय का बघावं. पत्र्याजवळ पोचले तर आतून तिचा आवाज येत होता, हळू, कुणाचं तरी गाऱ्हाणं केल्यासारखा. "आई" एवढा एक शब्द मला नीट ऐकू आला. मग बादलीत धार वाजायला लागली. मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. मी घरात गेले आणि चार ताटं घेतली.