गल्लीत परत राहायला कोण येणार?

जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिल्या दिवशी माती निघते आणि दुसऱ्या दिवसापासून किस्से. माती ट्रकमध्ये भरून पाठवता येते. किस्से मात्र साठतच जातात! आम्ही चार मराठी कुटुंबं शुक्रवारी मस्कतमध्ये दार्सैतला जेवायला जमलो की कुणीतरी हमखास म्हणणार, "देसाई, तो निझव्याचा सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो आणि भात गार झाला म्हणून बायको ओरडेपर्यंत मी काही थांबत नाही.

तर दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. ओमानमधल्या निझवा गावात किल्ल्यामागे एक जुनी गल्ली होती. दोन्ही बाजूंना दुमजली मातीची घरं आणि मध्ये दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट. लोक केव्हाच गावाबाहेर सिमेंटच्या बंगल्यांत राहायला गेलेले. मागे उरली होती कबुतरं, मांजरं आणि गल्लीच्या तोंडाशी दिशदाशा, म्हणजे तिकडचे पायघोळ झगे, शिवणारा रत्नागिरीकडचा रफीकभाई टेलर. ही गल्ली पुन्हा नांदती करायचं नासिर नावाच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांनी मनावर घेतलं. त्यांचा जन्म तिथलाच. त्यांनी भाऊबंद गोळा केले, काही घरांचं गेस्ट हाउस, काही दुकानं असं ठरवलं आणि काम आमच्या कंपनीला दिलं. मी साइट इंजिनिअर, आणि माझ्या जोडीला कुडाळचा सावंत सुतार.

पहिल्याच भेटीत नासिर म्हणाले, "हॉटेल चालेल, मला माहीत आहे. पण इथून गेलेली माणसं परत येऊन राहिली पाहिजेत. नाहीतर आपण नुसतं म्युझियम बांधलं असं होईल."

मागे बसलेले भाऊबंद गालातल्या गालात हसत होते. "तिथं परत राहायला कोण येणार?" सगळ्यात मोठ्याने खुद्द नासिरांची बायको ज़ुवैना हसली होती, हे मला नंतर समजलं.

*

मी कामाला वाघ! पहिल्या घराची पुढची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. मी ती उतरवली, नवीन विटा घातल्या, ओळंबा लावून लावून अशी सरळ उभी केली की बघत राहावं. गिलावाही तसाच गुळगुळीत. सावंतला म्हटलं, "अर्बाबला दाखवूया." अर्बाब म्हणजे मालक. नासिरना आम्ही सगळे तेच म्हणायचो.

अर्बाब आले. भिंतीवरून हात फिरवला. दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"माशाल्ला!" ते म्हणाले. "फार सुंदर. बँक कधी उघडणार?"

सावंत तोंड फिरवून खोकायला लागला. दुसऱ्या दिवशी गिलावा खरवडला आणि हातांनी पुन्हा लिंपला. मला चार दिवस राग होता. नंतर ती भिंत इतर भिंतींच्या रांगेत अशी मिसळून गेली की मलाच ती शोधावी लागायची.

*

तिकडे भेटल्यावर एकमेकांची खबर विचारायची पद्धत आहे. रफीकभाईनेच मला शिकवलं. "देसायानु, कामाचा लगेच बोलू नका. आधी विचारा, शै खबर?"

मी शिकलो. रोज सकाळी आमच्या स्थानिक मुकादमाला, सईदला, विचारायचो, "शै खबर?" तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मा शै. काही खबर नाही. अल्लाची कृपा." मीही खूश. एवढी शांत साइट मला जन्मात मिळाली नव्हती!

एकदा मस्कतला मीटिंग होती. मी गाडीतूनच काच खाली करून विचारलं, "शै खबर?" सईद म्हणाला, "मा शै." यल्ला! मी मस्कत गाठलं, साहेबांसमोर छाती फुगवून सांगितलं, सगळं ऑल राइट आहे. संध्याकाळी परत येऊन बघतो तर तिसऱ्या घराची मागची भिंत सबंध अंगणात झोपलेली. आणि पडली होती पहाटेच!

मी सईदवर असा भडकलो की काही विचारू नका. "सकाळी काही खबर नाही म्हणालास ना?"

सईद शांत. "तू कॉफीला थांबला नाहीस."

रफीकभाईने मग उरलेला अर्धा धडा दिला. माणूस आल्या आल्या त्याच्यासमोर वाईट बातमी आदळायची नसते. आधी 'काही नाही' म्हणायचं, त्याला बसवायचं, खजूर द्यायचा, कॉफी द्यायची. खरी खबर त्यानंतर. मी म्हटलं, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" तर म्हणे, "तुम्ही खय बसलात?"

पुढच्या आठवड्यात साहेबांचा सकाळी मस्कतहून फोन. "देसाई, सगळं ठीक?"

"सांगतो सर," मी म्हटलं. "अजून कॉफी झाली नाही."

*

सावंत गुणी माणूस, पण एका बाबतीत हट्टी. नारळ फोडल्याशिवाय घराची चौकट उभी करायची नाही. बापाने केली नाही, आजाने केली नाही, हाही करणार नाही! मी त्याला समजावलं, "अरे बाबा, हे निझवा आहे. मशीद चार पावलांवर आहे. कुणाला आवडलं नाही तर?"

"मगे चौकट तुम्हीच बसवा," असं म्हणून तो रंधा घेऊन बाजूला बसला.

शेवटी दुपारी सगळे घरी गेल्यावर गुपचूप फोडायचं ठरलं. सावंतने नारळ दगडावर आपटला आणि वळून बघतो तर दारात अर्बाब! मी काहीबाही बोललो. उंबरठ्याच्या दगडाची स्ट्रेंग्थ टेस्ट करतोय म्हणालो.

त्यांनी सावंतला विचारलं. सावंतने मोडक्या हिंदीत खरं ते सांगितलं. नया घर, नया दरवाजा, सबका अच्छा होना, इसलिए. अर्बाब खाली बसले, बिस्मिल्ला म्हणाले आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "आमच्याकडे नव्या घराला बकरा कापतात," ते म्हणाले. "तुमचं स्वस्तात होतं."

पुढच्या चौकटीला बाजारात नारळ मिळेना. सावंत म्हणाला, राहू दे, ह्या वेळी सुपारीवर भागवू. अर्बाबांनी काम थांबवलं! दक्षिणेतल्या नारळबागांच्या सलालाहून येणाऱ्या भाच्याला फोन केला आणि तो पोतंभर नारळ घेऊन येईपर्यंत कुणाला चौकटीला हात लावू दिला नाही. सावंतच्या हातची सोलकढी त्या आठवड्यात अर्ध्या निझव्याने प्यायली असेल. मी मात्र बार चार्टकडे, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाकडे, बघत बसलो होतो.

*

मस्कतच्या कन्सल्टंटने एकदा गल्लीचा मोठा रंगीत नकाशा आणला. झाडं, दिवे, बाकं, सगळं झकास. रफीकभाईच्या दुकानाच्या जागी कपबशीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'कॉफी शॉप'. रफीकभाई मागेच उभा होता, गळ्यात टेप. मला मात्र आधी माझं सकाळचं जेवण आठवलं, पहिल्या दिवसापासून ते त्याच्या दुकानातून येत होतं.

अर्बाबांनी नकाशा नीट पाहिला. मग विचारलं, "रफीक कुठाय?"

कन्सल्टंट म्हणाला, "त्याला नवीन मार्केटमध्ये जागा देता येईल, सर."

"मग आमच्या किल्ल्या कुणाकडे राहतील?"

खरंच होतं ते. गल्लीतल्या एकूण एक बंद घराची किल्ली रफीकभाईच्या ड्रॉवरमध्ये असायची. कुणाचा निरोप, कुणाचं पार्सल, कुणाच्या मांजराचं दूध, सगळं त्याच्याकडे. अर्बाबांनी पेन काढलं, कपबशीवर फुली मारली आणि तिथे अरबीत रफीकचं नाव लिहिलं. खलास! कन्सल्टंटने नकाशा गुंडाळला.

मी नंतर रफीकभाईला म्हटलं, "वाचलात हो! नकाशातून गेलाच होतात."

तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "मी नकाशान खय होतो? मी दुकानान होतो."

*

घरं उभी राहिली, पण राहायला यायचं कुणी नाव काढेना. आणि अर्बाबांची बायकोच येत नाही म्हटल्यावर इतरांना कुठल्या तोंडाने सांगणार? ते बिचारे रोज एका नव्या भावाकडे जाऊन कॉफी पिऊन परत यायचे.

त्या सुमारास माझी बायको मेधा आणि मुलगी इरा दार्सैतहून निझव्याला आल्या. ज़ुवैनांनी त्यांना बंगल्यावर नेलं. टीव्हीवरच्या मालिका बघून बघून त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं! इरा मराठी बोलताना अडखळते, पण तिथे 'सलाम अलैकुम' असं ठणठणीत म्हणाली की तिला हलव्याचा आख्खा डबा मिळाला.

रात्री मेधा मला म्हणाली, "त्या का येत नाहीत, विचारलंत का कधी?"

आता हे कोण विचारणार? आम्ही सगळे पुरुष! दुसऱ्या दिवशी मेधाच त्यांना घेऊन साइटवर आली. मी मोठ्या अभिमानाने स्वयंपाकघर दाखवलं. मातीची चूल, कोनाडे, वर धूर जायला झरोका, अगदी जुनं होतं तसं. ज़ुवैनांनी सगळीकडे नजर फिरवली. लग्न होऊन त्या ह्याच घरात आल्या होत्या आणि कालव्यावरून पाणी भरून ह्याच जागी रांधत होत्या.

"बहुत अच्छा," त्या मला म्हणाल्या. "तुम इसपे खाना पकाओ. मैं फोटो निकालती है."

अर्बाब छताकडे बघायला लागले. मग दोघी बायकांनी खडू घेऊन माझ्या जमिनीवर रेघा मारल्या. इथे फ्रीज, दोन दरवाजांचा. इथे गॅस. इथे वॉशिंग मशीन. झरोक्यात एक्झॉस्ट फॅन! हे कळल्यावर कन्सल्टंटला रडू यायचं बाकी राहिलं होतं. थंडी पडल्यावर ज़ुवैना सामान घेऊन राहायला आल्या, आणि त्यांच्या मागोमाग समोरच्या घरात दीर हमद आणि जाऊ सलमाही आले. मेधा अजून सांगते की निझवा तिने वसवलं. मी वाद घालत नाही.

*

हा किस्सा म्हणावा का, मला माहीत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काम चालू असतानाच गावाहून फोन आला. वडील गेले. अर्बाबांनी एक शब्द न विचारता गाडी काढली आणि मला थेट मस्कतच्या एअरपोर्टवर सोडलं. वाटेत बोलले एवढंच, "नाव काय होतं त्यांचं?"

मी म्हटलं, "गणपतराव."

दिवसकार्य उरकून मी परत आलो तर गल्लीत शिरल्यापासून माणसं थांबवून हात हातात घ्यायला लागली. भाजीवाला, बकऱ्यांच्या बाजारातले दलाल, मशिदीतले म्हातारे. ज्यांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं तेसुद्धा. मला काही कळेना. शेवटी सावंतने सांगितलं. गल्लीतली पुरुषमंडळींच्या बैठकीची खोली नुकतीच दुरुस्त झाली होती. तिथे अर्बाबांनी चटया घातल्या आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तीन दिवस माझ्या वडिलांचा दुखवटा धरला. मी नव्हतो, म्हणून माझ्या जागी सावंत आणि रफीकभाई बसले. लोक यायचे, गणपतरावांच्या मुलाला अल्ला धीर देवो म्हणायचे, कॉफी घ्यायचे, जायचे.

"साहेबानु," सावंत म्हणाला, "तुमच्या वडलांका आता गावापेक्षा हंय जास्त लोक वळखतत."

मी त्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो. माझ्या वडिलांनी आयुष्यात समुद्र ओलांडला नव्हता. त्या माणसांचं ऋण माझ्याने फिटायचं नाही, आणि फेडावं असं मला वाटतही नाही.

*

आता शेवटचा, आणि मग जेवू.

गेस्ट हाउस सुरू झालं. जर्मन आले, फ्रेंच आले, कॅमेरे घेऊन मस्कतची पोरं आली. जो तो अर्बाबांना म्हणायचा, "मुबारक! गल्ली झाली की!" ते मान हलवायचे. पण माझ्याबरोबर फेरी मारताना त्यांचा चेहरा काही खुलत नसे. एकदा मी सरळ विचारलं, आता काय राहिलं? दोन घरं तर भरली. ते म्हणाले, "सगळे पाहुण्यासारखे राहतात. पाहुणे हळू बोलतात."

आणि मग एका दुपारी रफीकभाईचा फोन. "देसायानु, बेगीन या! झगडा झैलाय!"

मी धावलो, मागे सावंत. हमदच्या माडीवरच्या एसीचं पाणी टपटप खाली ज़ुवैनांच्या दारात पडत होतं, आणि दारात त्यांनी वाळायला लिंबं घातली होती. सगळी लिंबं भिजली! ज़ुवैना खालून ओरडतायत, सलमा वरच्या खिडकीतून ओरडतेय. माझी अरबी बेताची, पण दोघी लग्नाच्या वेळच्या गोष्टींपर्यंत पोचल्या होत्या एवढं मला कळलं. खिडक्या उघडल्या, गेस्ट हाउसचे पाहुणे गच्चीवर आले, हमद खाली येऊन दोघींनाही गप्प करायला गेला आणि दोघींकडूनही बोलणी खाऊन परत गेला.

चूक आमचीच होती. पाइप हातभर तोकडा राहिला होता. सावंत तुकडा घेऊनच आला होता. पाच मिनिटांचं काम.

अर्बाब समोरच्या दगडी बाकावर बसले होते. पुढ्यात कॉफीचं भांडं आणि खजुराची ताटली. मी जाऊन म्हटलं, "अर्बाब, सॉरी! आत्ता जोडतो पाइप. पाच मिनिटं."

हा माणूस आख्ख्या ओमानात एकटा असेल ज्याने माझ्याकडून कधी कुठलं काम उद्यावर जाऊ दिलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. वर सलमा म्हणत होती, ही जाऊ कायमच अशी होती! खाली ज़ुवैनांनी कमरेवर हात ठेवले.

"पाइप?" मी पुन्हा विचारलं.

"बुकरा," अर्बाब म्हणाले. "उद्या. इन्शाल्ला." आणि खजुराची ताटली माझ्यापुढे सरकवली.