शिवप्पांच्या रानात चरग टाकला त्याची गोष्ट

ट्रॅक्टर परत थांबला. शिवप्पा अण्णा बांधावरनं ओरडले, "अक्का, याक निंतु?" का थांबलं, म्हणून. मला काय ठाऊक! मी हातात टॅबलेट धरून उभी. त्यावर लाल दिवा लागलेला.

कलघटगीच्या अलीकडं शिवप्पांचं काळं रान आहे. हरभरा पेरायचा होता. जमिनीत वाफसा होता, म्हणजे ओल नेमकी बेताची. दुपारच्या उन्हात वरची माती वाळली की बी नीट उगवत नाही.

हा ट्रॅक्टर बिनड्रायव्हरचा. वरच्या डब्याला आकाशातनं सिग्नल येतो, त्यावर तो सरळ रेघेत जातो. पुढं कॅमेरा असतो. आडवं कोण आलं की आपला आपण थांबतो. मागं पेरायचं यंत्र. आपण बांधावर थांबून नुसतं लक्ष ठेवायचं.

कंपनीनं तो आमच्या बायकांच्या संघाला ट्रायलला दिलेला. हे पहिलंच काम. नीट झालं तर ट्रॅक्टर आमच्याकडं राहणार, नाहीतर अळणावरकडच्या संघाला जाणार. बाकीच्यांचं माहीत नाही, मला तो पाहिजेच होता. नवरा गेल्यावर मी पेरणीच्या मजुरीवर पोरी वाढवल्या. ओटीत बी बांधायचं आणि बैलांमागं चालत पाभरीच्या चाड्यात, म्हणजे नळीच्या तोंडात, मूठमूठ सोडायचं. दिवसभर. रडून काय होणार होतं? केलं. पण आता गुडघा ऐकत नाही.

कंपनीची इंजिनियर अश्विनी आलेली, धारवाडची. तिनं ऑफिसला फोन लावला.

"सिग्नल बघ म्हणतात."

"मग बघ की."

"सिग्नल फुल्ल आहे, अक्का."

तिनं परत चालू केला. ट्रॅक्टर थोडा सरकला, पीं पीं वाजला, थांबला. शिवप्पा म्हणाले, "लग्नातला रुसलेला जावई बरा. मी आपला जुना ट्रॅक्टर बोलावतो."

"जरा दम धरा, अण्णा," मी म्हणलं.

अश्विनीनं कॅमेऱ्याचं चित्र उघडलं आणि हसायलाच लागली. चित्रात रान, आणि रानभर लाल चौकोन. एकेका चौकोनात एकेक बगळा.

मग डोक्यात उजेड पडला. सकाळी शिवप्पांच्या बायकोनं, नीलव्वानं, भूमीची पूजा केलेली. आमच्याकडं पूजा झाली की चरग टाकतात. भूमीला नैवेद्य म्हणून कडबू, भाकरी, भात, भाजी सगळं कालवून रानभर उधळायचं. आम्ही बायकांनी पाट्या भरभरून उधळलेलं. पहिलं काम म्हणून जरा जास्तच. त्यावर बगळे, साळुंक्या, कावळे, सगळी जत्रा उतरलेली. ट्रॅक्टर पुढं आला की पाखरं दोन उड्या मारून पुढं बसायची. त्याला वाटायचं, आडवं कोणतरी आलंय.

"ते थांबायचं बटण बंद कर की," शिवप्पा म्हणाले.

"नाही करणार," अश्विनी म्हणाली. "उद्या माणूस आडवं आलं तर?"

आमच्या संघातली गंगव्वा पदर खोचून पळाली, "हुश्श! हुश्श!" पाखरं उडाली. ट्रॅक्टर गंगव्वाला बघून थांबला.

"अगं, तू बाजूला हो!" सगळ्या ओरडल्या. ती बाजूला झाली. पाखरं परत खाली.

ऊन चढायला लागलं. शिवप्पांनी खिशातनं मोबाईल काढला. मी बायकांना म्हणलं, "डबे आणा."

"आत्ताच जेवायचं?" गंगव्वानं विचारलं.

"आपण नाही."

आमच्या भाकऱ्या कुस्करल्या, त्यात नीलव्वाचा उरलेला भात कालवला आणि पलीकडच्या बांधाबाहेर, पडीक जागेवर ढीग घातला. मग सगळ्या एका ओळीत टाळ्या वाजवत रान चालत गेलो आणि पाखरं तिकडं हाकलली. ढीग दिसला तशी ती तिथंच रमली.

अश्विनीनं चालू केला. ट्रॅक्टर गेला तो थेट दुसऱ्या टोकाला, वळला, परत आला. रेघ अशी की दोरी लावून मारल्यागत. ऊन कलायच्या आत रान पेरून झालं. शिवप्पा सरीत वाकून बी बघत राहिले. चांगलं म्हणाले नाहीत. "वरचं रान उद्या करा," एवढंच म्हणाले.

नीलव्वानं सगळ्यांना परत चूल पेटवून जेवायला घातलं. कुरकुरली, पण घातलं.

ट्रॅक्टर आमच्याकडंच राहिला. चरग अजून टाकतो, बंद कशाला करायचा? फक्त पेरणी उरकल्यावर टाकतो. भूमीला थोडा उशीर चालतो, वाफशाला चालत नाही.