दोन नावांची एक बाई

बुटांच्या पॉलिशचा वास आपल्याला कधी आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पण कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत तो वास म्हणजे सकाळ झाल्याची खूण होती. समोरच्या घरातले हवालदार फौजेतून निवृत्त होऊन ऐरोलीच्या आयटी पार्कात पहाऱ्यावर जात आणि निघण्यापूर्वी दारात बसून एकाग्रपणे बूट चमकवत. उन्हाळ्यात ते अचानक गेले. आता जिन्यात नुसता फिनेलचा वास असतो, आणि मला त्याचा उगाचच राग येतो.

सैनिकामागे उरलेल्यांना सरकार पुष्कळ देऊ करतं. पत्नीला निवृत्तिवेतन, औषधपाण्याचं कार्ड, कँटीनची सवलत. कृतज्ञ राष्ट्राने एवढं करावंच, आणि ते करतंही. पण कृतज्ञतेलाही आधी ओळख पटावी लागते, हे मला हवालदारांच्या पत्नी सुमनवहिनींबरोबर सैनिक कल्याण कार्यालयात गेले तेव्हा कळलं. वहिनींना मूलबाळ नाही, घर भाड्याचं आणि साखरेचा विकार जुना. त्या पेन्शनवाचून त्यांचं इन्सुलिनही अडणार होतं.

टेबलापलीकडचे गृहस्थ स्वतः माजी सैनिक होते, बोलायला मऊ. ते म्हणाले, "ताई, फौजेच्या रेकॉर्डला हवालदारांच्या पत्नीचं नाव शालन आहे. तुमच्या आधारवर सुमन. या शालन कोण?"

वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "मीच."

आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. सारे हसतात, पेढे वाटतात, आणि वीस वर्षं जिला आईने हाक मारली ती मुलगी त्या तांदळातच राहून जाते. किती सहज पुसतो आपण बाईला! शालनची सुमन झाली, रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सुमनच राहिली. हवालदार मात्र तिला शेजारच्या गावची शालन म्हणूनच ओळखत होते. लग्नाची रजा संपवून पलटणीत परतल्यावर त्यांनी पत्नीचं म्हणून मनातलं नाव सांगितलं, आणि तेच कायमचं नोंदलं गेलं. प्रेमानेसुद्धा माणूस केवढा घोळ घालून ठेवतो, नाही का?

"शाळेचा दाखला?" गृहस्थांनी विचारलं. वहिनी शाळेत गेल्याच नव्हत्या. "मग शपथपत्र करा. आणि तुम्हाला शालन म्हणून ओळखणारे दोन साक्षीदार आणा."

"कुठनं आणू, दादा? आई-बा गेलं, भाऊ गेला. मैतरणी कुठं कुठं दिल्या, ठावं न्हाई. त्या नावानं हेच तेवढं हाक मारायचं, ती बी घरात कुणी नसताना."

मी घाईने म्हटलं, "मी होते साक्षीदार." त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही यांना या नावाने ओळखता?" खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. आम्ही उठलो.

बाहेर दुपार करपत होती. रिक्षाची वाट पाहताना मला या व्यवस्थेची चीड येत होती आणि कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं, कारण चुकलं कुणाचंच नव्हतं. वहिनींनी कागदांची पिशवी काखेत नीट धरली. मग म्हणाल्या, "ताई, तुमी एकदा मारा की हाक त्या नावानं. म्हंजे तुमाला खोटं बोलावं लागायचं न्हाई."

तोडगा भाबडा होता, पण मला दुसरा सुचत नव्हता. त्या दोन पावलं पुढे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी हळूच म्हटलं, "शालन."

त्या वळल्या. किती चटकन वळल्या! साठीच्या त्या सुकलेल्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उजळलं, की मीच दचकले. पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्यावर कुणाला तरी शोधत होती. मग ती हळूहळू परत आली, माझ्यावर थांबली आणि विझली.

"झालं तुमचं काम," पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या. "आता परत नका मारू."