एल्बिओची तुंबडी

आमच्या एल्बिओदादाचा डावा हात सरळ होत नाही. डॉक्टरने फोटो काढून पाहिला, हाडात काही खोट नाही. खोट थर्मासात आहे. जन्मभर डाव्या बगलेत थर्मास आणि त्याच हाताच्या पंजात माते या आमच्या कडू पाल्याच्या गरम पेयाची तुंबडी धरून हा माणूस चालला, भांडला, मयताला गेला, स्वतःच्या लग्नातही तसाच उभा राहिला. किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवायचा तेव्हा तेवढा तो हात मोकळा असे, आणि तेव्हाही कंडक्टर तुंबडी भरून त्याच्या तोंडापुढे ओढायची नळी धरायचा.

असल्या माणसाने एप्रिलमधल्या एका शनिवारी हठयोगाच्या शिबिरात दोन्ही हात आभाळाकडे न्यायचं कबूल केलं, ते योगाच्या ओढीने नव्हे. शिकवणारी त्याची मुलगी होती.

मारिएल सात वर्षांची असताना, बँका बुडाल्या त्या वर्षी, तिची आई तिला घेऊन स्वीडनला गेली. एल्बिओ मागून जाणार होता. आधी आमची आई आजारी म्हणून थांबला, आई गेल्यावर नोकरी आहे म्हणून थांबला, नंतर नुसताच थांबला. हट्टाने योग साधत असेल तर आमचा दादा जन्मापासूनच योगी आहे. बायकोने तिकडे दुसरा संसार मांडला. मुलगी वाढदिवसाला फोनवर दिसायची आणि दर वर्षी थोडी उंच दिसायची, एवढंच.

ती यंदा जानेवारीत आली. बापाच्या घरी राहिली, बापाला 'तुम्ही' म्हणत राहिली. आमच्याकडे बापाला कोणी तुम्ही म्हणत नाही, म्हटलंच तर पोलिसाला म्हणतात. परतीचं तिकीट त्या शनिवारनंतरच्या मंगळवारचं होतं. पण पुंता गार्सा गावच्या समुद्रस्नानाच्या हॉटेलची मालकीण नेलिदाबाई तिला म्हणाली होती, "मार्चला उन्हाळी सीझन संपला की माझे गरम पाण्याचे हौद ओस पडतात. एक शनिवार-रविवार शिबिर करून बघ. लोक खूश होऊन गेले तर हिवाळाभर काम देते, वर खोली देते." मारिएलने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती थांबावी म्हणून एल्बिओचा जीव नुसता टांगणीला लागला होता. हे त्याने खाटकाला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, मला माझ्या गावी, मेलोला, फोन करून सांगितलं. तिला सोडून सगळ्यांना सांगितलं.

मोंतेविदेओहून आपापल्या चटया घेऊन चार बायका आल्या. बाकीचा हॉल एल्बिओने भरला. लाकडी गोळे फेकण्याच्या त्याच्या क्लबातले सगळे म्हातारे त्याने गोळा केले आणि मला म्हणाला, "सुल्मा, रात्रीची बस पकड. वाकता येत नसलं तरी ये, डोकी मोजताना एकाची भर पडेल." भावाला बहिणीचा एवढाच उपयोग.

मारिएलचे नियम दोन. शिबिरात मांस नाही, आणि हॉलमध्ये माते नाही. मांसाचं लोकांनी सोसलं. दार्दो खाटीक लाल भोपळ्याची भाजी अशा तोंडाने जेवत होता की बघून माझंच पोट भरलं. मातेवरून मात्र बंड होणार होतं. पण एल्बिओने स्वतः पुढे होऊन आपला थर्मास दाराबाहेर बुटांशेजारी ठेवला आणि बाकीच्यांकडे असं काही बघितलं की मागोमाग सगळ्यांचे थर्मास रांगेत उभे राहिले. त्याच्या बगलेत थर्मास नाही असं मी बहुधा त्याच्या बारशानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पण मला सांगायचं आहे ते शुक्रवारचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं हॉटेलच्या गच्चीवर बसलो होतो. वारा बोचरा होता. एल्बिओने तुंबडीत पाला भरला, गरम पाणी ओतलं, पहिली कडू तुंबडी स्वतः ओढली, कारण ती भरणाऱ्याचीच असते. दुसरी मारिएलला दिली. तिने नळी खुळखुळ वाजेपर्यंत ओढली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

"धन्यवाद, बाबा. फार छान होती."

एल्बिओचा चेहरा पडला. मग त्याने मला भरून दिली, स्वतः घेतली, पुन्हा मला, पुन्हा स्वतः. मारिएल समुद्राकडे बघत बसली, मधूनच तुंबडीकडे बघत होती, आणि थोड्या वेळाने उठून आत गेली.

"रोज हेच," तो म्हणाला. "एक घेते, धन्यवाद म्हणते. माझा मान राखते, बाकी काही नाही. तिला हे आवडत नाही, सुल्मा. इथलं काहीच आवडत नाही तिला."

आता धन्यवाद म्हटलं म्हणजे पुरे झालं, मला आणखी भरू नको, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एकदा ते तोंडातून गेलं की तुंबडी कितीही फिरो, तुमच्याकडे काही वळत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही. श्वास घ्यायला कोणी शिकवतं का? आमची मारिएल शिकवत होती, ती गोष्ट निराळी. तर मलाही वाटलं, पोरीला खरंच आवडत नसेल. मला तिचा थोडा रागच आला. बाप आयुष्यभर लोकांच्या तुंबड्या भरत आला आणि हिला दुसरी नको.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये मारिएलने आम्हाला खुर्चीवर बसल्यासारखं बसवलं, फक्त खुर्ची दिली नाही. गुडघे वाकवा, हात वर, नजर समोर. मोंतेविदेओच्या बायका पुतळ्यासारख्या बसल्या. एल्बिओचा उजवा हात छताकडे आणि डावा अर्ध्यावर, कोणी वळणावर बस थांबवावी तसा. मारिएल मधाळ आवाजात सांगत होती की शरीराचे उपकार आठवा, मनातल्या मनात त्याचे आभार माना.

दार्दोच्या मांड्या थरथरायला लागल्या.

"धन्यवाद," तो मोठ्याने म्हणाला.

मारिएल खुलली. "वा, दार्दोकाका. आभार असे आतून यावेत. अजून पाच श्वास."

"धन्यवाद, पोरी, धन्यवाद," दार्दो काकुळतीला आला. तिने आणखी पाच श्वास वाढवले. तेव्हा क्लबातला पहिला म्हातारा हसत हसत बसला तो चटईवरच आडवा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळी रांग कोसळली. मीही.

मारिएल गोंधळून उभी. काय झालं, तिने विचारलं. दार्दो पालथा पडल्या पडल्याच म्हणाला, "अगं, पुरे म्हणतोय मी कधीचा. मातेला धन्यवाद म्हणतात ना, तसं."

"तसं म्हणजे?"

"म्हणजे माझं झालं, आता मला देऊ नकोस."

हसू हळूहळू ओसरलं, कारण ती हसत नव्हती. तिने विचारलं, "आणि काही न बोलता परत दिली तर?"

"तर आणखी हवी. त्यात बोलायचं काय?"

मारिएलने बापाकडे पाहिलं. बाप आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, जणू त्या हाताचा काही गुन्हा होता. मग तिने आम्हाला शवासनात निजवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसली. मी शव असले तरी एक डोळा उघडा होता. ती रडत होती. शवाला उठून जवळ जायची परवानगी आहे का हे विचारायची सोय नव्हती.

त्यानंतर दिवसभर ती बापाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. त्याला वाटलं शिबिर बिघडवलं म्हणून रागावली. क्लबच्या लोकांना त्याने जेवताना इतकं झापलं की रविवारी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. दार्दो तर दात खाऊन खुर्चीविना बसला आणि शेवटपर्यंत बसला.

रविवारी दुपारी पाहुणे निघाले. मोंतेविदेओच्या बायका पुढच्या शिबिराची तारीख विचारून गेल्या आणि नेलिदाबाईचा चेहरा उजळला. आम्ही तिघं पुन्हा गच्चीवर बसलो. एल्बिओने पहिली ओढली, दुसरी मारिएलला दिली. तिने संपवली आणि परत दिली. एल्बिओ तुंबडी हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती गप्प. त्याने हळूच पुन्हा भरली आणि पुन्हा तिलाच दिली. माझी पाळी होती, पण मी तोंड उघडलं नाही.

तिसरी झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटायचं, पाहुणीला इथे एकच देतात. मग पाहुणी जाते."

एल्बिओ नुसती भरत राहिला.

तेवढ्यात नेलिदाबाई दारात आली. "मारिएल, मंगळवारी विमानतळाला गाडी सांगून ठेवू का गं?"

"धन्यवाद, नेलिदाबाई," मारिएल म्हणाली.

एल्बिओचा हात थांबला. गरम पाणी तुंबडीबाहेर त्याच्या गुडघ्यावर सांडलं, त्याला पत्ता नाही. नेलिदाबाईने विचारलं, म्हणजे सांगू की नको?

मारिएलने बापाकडे पाहिलं. "बाबा, ते इथलं धन्यवाद होतं," ती म्हणाली. "तू भर."

एल्बिओने थर्मास खाली ठेवला. सरळ जमिनीवर, तुंबडीही त्याच्या शेजारी. त्याचा डावा हात नेहमीसारखाच दुमडलेला होता, आणि तसाच तो मुलीच्या खांद्याभोवती नीट बसला. त्यासाठी हात सरळ असावा लागत नाही. शेवटी मी वाकून थर्मास उचलला आणि माझी तुंबडी मीच भरून घेतली. भरणारा समोर असताना असं करणं आमच्यात अगदी वाईट मानतात, पण त्या दुपारी माझ्याकडे बघायला कोणाला सवड होती?