बाबाले पान लागलं
मशीनला घाम फुटतो का? फुटतो बरं! अमरावतीत एका कापडदुकानाच्या माडीवर रोज फुटायचा. दोन हजार दहाच्या सुमाराची गोष्ट. 'हुडक' नावाचं मराठी सर्च इंजिन निघालं होतं. पडद्यावर काठपदराच्या साडीतली चंदाताई हसायची: विचारा, सांगते. लोक म्हणत, काय हुशार मशीन आहे! मशीन कसलं डोंबलाचं! मागं चार पोरी बसून टाइप करायच्या. नियम दोनच. उत्तर मिनिटात द्यायचं, अन् आपण माणूस आहोत हे मेलं तरी सांगायचं नाही.

त्यांतली सगळ्यांत चपळ अकोल्याची कहकशाँ. तिच्या अब्बांचा, कुर्बानभाईंचा, पानठेला. शाळा उर्दू, मराठी ठेल्यावरच्या गिऱ्हाइकांकडून शिकलेली, पण बोलायला लागली की कोणाला हार जायची नाही. त्या दुपारी प्रश्न आला, 'बाबाले पान लागलं. काय करू?'

तिला हसूच आलं. सुपारी लागून गरगरलेले किती जण तिनं ठेल्याच्या बाकड्यावर आडवे झालेले पाहिले होते! तिनं भराभर लिहिलं, 'घाबरू नका. साखर द्या, पाणी पाजा, झोपू द्या. तासाभरात उतरेल.' आणि शेजारच्या अपेक्षाला गंमत म्हणून वाचून दाखवलं.

अपेक्षा भातकुलीची. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "अवं माय! पान लागलं म्हंजे साप चावला वं! आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत, म्हनून पान म्हंतेत."

कहकशाँच्या पायाखालची जमीन सरकली. 'दवाखान्यात न्या! लगेच!' तिनं लिहिलं, पण पलीकडची खिडकी केव्हाच बंद झाली होती. या अल्लाह! झोपू द्या म्हणाले मी. साप चावलेल्याला झोपू द्या! साहेब धर्मेंद्रनं घाईघाईनं नोंदी पाहिल्या. प्रश्न धामणगाव रेल्वेच्या एका नेट कॅफेतून आला होता. तिथला फोन लागेना. तिनं सातदा लावला. प्रत्येक वेळी एक अनोळखी बाप तिच्या डोळ्यांसमोर शांत झोपत होता.

आठव्यांदा मालकानं उचलला. "हो, दामिनी नावाची पोरगी फॉर्म भरायले आली होती. वावरातून आईचा फोन आला. तुमचं उत्तर तिनं आईले वाचून दाखवलं, अन् रडत पळाली." फॉर्मवर आईचा, सुंदराबाईचा नंबर होता. तेवढा त्यानं दिला.

घंटा वाजत राहिली.

"कोन?" बाईचा आवाज.

"चंदाताईकडून बोलते. बाबा... कसे आहेत?"

"हायेत व. सलाइन लागली. डॉक्टर म्हन्ते, वेळेवर आनलं." मग बाई चक्क हसली. "पोरगी म्हने, झोपू द्या म्हन्ते मशीन. म्या म्हनलं, आग लागो त्या मशीनले! अन् टाकलं जीपमंदी. जाऊ द्या, मशीनले काय समजते? तिचा काय दोष?"

कहकशाँ ढसाढसा रडायला लागली. समोर धर्मेंद्र ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होता.

"मशीन नव्हती, चाची," ती म्हणाली. "मी होती. मीच लिहिलं."



"मंग तुले काहून नाही समजलं वं माय?" सुंदराबाईनं विचारलं.